गुंडी, गोंडा आणि चाकूची दोरी

शेतात चाकू हरवतो तो कामाच्या मधोमध. ठिबकची नळी जोडायची असते, दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून चाकू क्षणभर बांधावर नाहीतर वेलाच्या बुडाशी ठेवला जातो. नळी बसते, माणूस पुढच्या ओळीत जातो आणि चाकू मागे राहतो. मिटलेला चाकू तो केवढा! मूठ काळी किंवा तपकिरी, खाली काळी माती, वर पालापाचोळा. धाराशिव आणि तुळजापूर तालुक्यांतल्या द्राक्षबागांत खुंटावर कलम करणाऱ्यांचे चाकू नीट बघितले तर मुठीच्या मागच्या भोकातून एखादी लाल, केशरी, पोपटी दोरी लोंबताना दिसते. कुणाची नुसती सुतळी असते, कुणाची जुन्या साडीच्या काठाची चिंधी. एखाद्याची मात्र चौपेडी गोफ घातलेली, टोकाला गुंडी आणि गुंडीखाली झुबकेदार गोंडा. शोभेसाठी बांधलीय का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शोभा कशाची? घावावा म्हणून बांधलाय."

घावण्यासाठी चिंधीही पुरते. मग गोफ कशाला, गुंडी कशाला? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर धाराशिव जिल्ह्यात जितकं सहज मिळतं तितकं चाकूंच्या शौकिनांच्या दुनियेत मिळत नाही. तिथं ही दोरी 'लॅनयार्ड' या नावानं, मणी ओवून, पाकिटात घालून ऑनलाइन विकली जाते आणि ती दागिना आहे हे आधीच ठरलेलं असतं. इथं ती गोठ्यातून, कमरेच्या करगोट्यातून, दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याच्या गादीवरून चाकूपर्यंत आली आहे. जिथं गाठ मारावीच लागते तिथंच ती देखणी झाली आहे. नुसती मिरवायला मारलेली गाठ या दोऱ्यांत क्वचितच सापडते, आणि सापडली की ती चटकन ओळखू येते. तिचं उदाहरण पुढं येईलच.

धोतराला खिसा नसतो. ही साधी गोष्ट लक्षात घेतली की जुन्या माणसांच्या कमरेचा सगळा पसारा समजतो. करदोडा, आपल्याकडे बोलण्यात करगोटा, हा बारशापासून कमरेला असायचाच. मग त्यालाच पेटीची किल्ली, काटा काढायचा चिमटा, कानकोरणं आणि एखादा छोटा चाकू लटकायचा. शेरडांमागं फिरणाऱ्या माणसाला दिवसभरात चाकू किती वेळा लागतो याला हिशेब नाही. काटा काढायचा, बाभळीची शेंगाट डहाळी साळायची, खुरात रुतलेलं काहीतरी उकरायचं, दुपारी कांदा चिरायचा. काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांचा कळप माळावर पांगलेला असताना वाकून चाकू शोधत बसणं परवडत नाही. म्हणून चाकू शरीरालाच बांधलेला बरा. पानाच्या चंचीचंही तसंच. पान, सुपारी, कात, चुना यांचे कप्पे, त्यांवरून गुंडाळायची लांब दोरी आणि जोडीला अडकित्ता. अडकित्ता हा आपल्याकडचा सर्वांत नटवलेला पाती असलेला घरगुती जिन्नस म्हणावा लागेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोर, घोडे, माणसं अशा आकारांचे अडकित्ते मांडलेले आहेत. दिनकर गंगाधर केळकरांनी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून गोळा केलेला तो संग्रह १९६२ साली राज्य सरकारच्या हवाली केला. अडकित्त्यांसमोर लोक थांबतात. धातू टिकला, म्हणून संग्रहालयात आला. त्यांना बांधलेल्या दोऱ्या झिजल्या, तुटल्या, चुलीत गेल्या.

जपानमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. किमोनोलाही खिसा नाही. त्यामुळे तंबाखूची पिशवी, औषधाची डबी, शिक्के हे सगळं कमरपट्ट्याला दोरीनं लटकवायचे. दोरी वरून निसटू नये म्हणून तिच्या टोकाला हस्तिदंताचा किंवा लाकडाचा कोरीव खुंटा असायचा, त्याचं नाव नेत्सुके. दोरीवर एक मणी असायचा, तो सरकवला की पिशवीचं तोंड आवळायचं. एकोणिसाव्या शतकात जपानी पुरुष पँट घालू लागले, खिसे आले, नेत्सुकेचं काम संपलं. मग युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांनी ती उचलली आणि आज त्यांचे लिलाव होतात. आपल्याकडे पँट आली तरी करगोटा गेला नाही, तो श्रद्धेच्या बळावर कमरेत राहिला. त्याला लटकणारा चाकू मात्र खिशात गेला. आणि खिशात गेल्यावर नवीच अडचण उभी राहिली: चिकट, मातीनं भरलेल्या हातानं जीन्सच्या तळाशी गेलेला चाकू काढायचा कसा? दोरीचं टोक बाहेर लोंबत असेल तर चिमटीत धरून ओढता येतो. मूठ लहान असेल तर उरलेली दोन बोटं दोरीच्या गोफावर बसतात आणि पकड पक्की होते. गोफ हातात भरायला लागतो, नुसती सुतळी भरत नाही, बोटाला कापते. चिंधीपेक्षा गोफ का, याचं निम्मं उत्तर हे.

उरलेलं निम्मं गुंडीत आहे.

तुळजापुरात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कवड्यांच्या माळा, परड्या, कुंकू, देवीचे टाक, करदोडे, गंडे, गोंडे यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. तुळजापूरच्या कवडीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. या दुकानांत माळ विकणारे पुष्कळ. माळ गाठवणारे थोडे. गाठवणं हे पटवेकऱ्याचं काम. मंगळसूत्र ओवणं, पोत गाठवणं, ठुशी-वज्रटीकेच्या मागची दोरी घालणं, करदोडा वळणं, बाजूबंदाचे गोंडे करणं. सोनार दागिना घडवतो, पण तो अंगावर राहतो पटवेकऱ्याच्या गाठीमुळे.

काम करताना पटवेकरी एक पाय पुढे पसरतो. अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवलेला, दुसरं टोक हातात. म्हणजे ताण पायाचा आणि पीळ बोटांचा. दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरला की सुटे तंतू बसतात. मग चार पेड मोकळे सोडून गोल गोफ सुरू होतो. कडेचा पेड घ्यायचा, मागून दोन पेडांखालून पलीकडे काढायचा आणि पुढून एकावरून परत आपल्या बाजूला आणायचा. मग दुसऱ्या कडेचा पेड, तसाच. उजवा, डावा, उजवा, डावा. दहा-बारा फेऱ्या झाल्या की बोटांतून गोल, भरीव दोर बाहेर येऊ लागतो. दोन रंग घेतले तर नागमोडी रेघ उमटते. ती वेगळी काढावी लागत नाही, पेड मांडतानाच ठरलेली असते. ज्या घरात मुलींच्या चौपेडी वेण्या घातल्या गेल्या, तिथल्या कुठल्याही बाईला हे अर्ध्या तासात जमेल. गोव्याच्या काणकोण भागात शिगम्याला गोफ नाचतात तेव्हा वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे असेच एकमेकांच्या आडून जातात, दोर विणला जातो आणि उलट्या फेऱ्यांनी पुन्हा उसवतो.

गोफ संपला की टोक उसवू नये म्हणून गाठ हवी. साधी निरगाठ मारली तर ती एका अंगाला कलते आणि ओढ बसली की बारीक होऊन भोकातून निसटते. इथं गुंडी येते. जुन्या बंडीला, कुडत्याला, अंगरख्याला दोऱ्याची गुंडी असे आणि समोर तिचं बिरडं. प्लॅस्टिकची बटणं आली आणि गुंडी शिवणारे गेले. पटवेकऱ्याच्या हातात ती राहिली, कारण करदोड्याला आणि गळ्यातल्या दोऱ्याला ती लागते.

गुंडी करताना दोरी मधोमध दुमडतात. दुमडीचा फास डाव्या हाताच्या मागे सोडतात, दोन टोकं तळव्यावर येतात. त्या टोकांची एकमेकांत वरून-खालून, वरून-खालून अशी गुंफण घालायची की तळव्यावर चौकोनी जाळी होते आणि तिच्या मध्यभागी एक खिडकी राहते. आता प्रत्येक टोकानं शेजारच्या उभ्या पदराला बाहेरून वळसा घालायचा आणि खालून वर, त्या मधल्या खिडकीतून बाहेर यायचं. इथवर सगळं सैल, ओघळतं. बघणाऱ्याला वाटतं की फसलं. मग आवळणं. ते एका झटक्यात करायचं नसतं. एक पदर थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला, असं ढिलेपण टोकांकडे सरकवत न्यायचं. शेवटी बोराच्या बीएवढी गोल गाठ हातात राहते, चारी बाजूंनी सारखी, आणि कितीही ओढा, कलत नाही.

हीच गाठ समुद्रावरच्या लोकांना ठाऊक होती. शिडाच्या जहाजावर खलाशी डोलकाठीवर चढून दोर कापायचा तेव्हा हातातून चाकू सुटला तर तो खालच्या माणसाच्या डोक्यात, नाहीतर पाण्यात. म्हणून चाकू गळ्यातल्या किंवा कमरेच्या दोरीला बांधलेला असे. अमेरिकी चित्रकार क्लिफर्ड ॲश्ली यांनी जन्मभर गाठी जमवल्या आणि १९४४ साली त्यांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. त्यातली ७८७ क्रमांकाची गाठ ही खलाशाच्या चाकूच्या दोरीची. तिचा फास जवळजवळ शून्यावर आणला की ती चिनी अंगरख्याची गुंडी होते. एकीचं काम चाकू धरणं, दुसरीचं कपडा, बांधणी एकच. तुळजापूरच्या पटवेकऱ्याला ॲश्ली ठाऊक असण्याचं कारण नाही आणि ॲश्लींना तुळजापूर. चार पदरांची, न कलणारी, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर येणारी गोल गाठ हवी असेल तर हात फिरून फिरून त्याच बांधणीवर येतात, असं दिसतं. कोण कुणाकडून शिकलं हा वाद घालण्यात मला रस नाही.

आता दोरीबद्दल. चाकूच्या दोरीवर लिहिणारे लोक रंगांवर आणि मण्यांवर फार लिहितात, धाग्यावर कमी. खरी गोष्ट धाग्याची आहे.

मराठवाड्यात दोर म्हणजे अंबाडीचा किंवा घायपाताचा. अंबाडीचे फोक पाण्यात कुजवायचे, साल सोलायची, झोडपून वाख काढायचा आणि वळायचा. तंतू एका दिशेनं पिळून पेड करतात आणि पेड एकमेकांवर उलट्या दिशेनं वळतात. तंतूंचा पीळ सुटू बघतो तेव्हा तो पेडांचा पीळ आणखी घट्ट करतो, पेडांचा सुटू बघतो तेव्हा तंतू आवळतात. दोर टिकतो तो या भांडणामुळे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण ज्यानं केली त्यानं जळलेल्या दोराची राख जवळून बघितलेली असणार.

हा दोर वळायचा कोणी, हे सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. गावगाड्यात हे काम मातंग समाजाकडे होतं. नाडा, कासरा, दावं, चऱ्हाट, म्होरकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचं. पोळ्याला बैलाचा साज मिरवला जायचा तेव्हा कौतुक बैलाचं आणि मालकाचं व्हायचं. साज वळणारा वेशीबाहेर उभा असायचा. त्या हातांतलं कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं, पण ते निवडीनं आलेलं नव्हतं. पुढची पिढी शिकून या कामातून बाहेर पडली याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख मी वाचले आहेत. ती हळहळ मला पटत नाही. कला गेली म्हणून रडायचं आणि ती कुठल्या दराने, कुठल्या अटींवर चालली होती हे विसरायचं, हा सोयीचा प्रकार आहे.

पोळ्याचा साज म्हणजे गाठींचं प्रदर्शनच. म्होरकी, वेसण, कासरा, शिंगांचे गोंडे, कपाळावरचं बाशिंग, घुंगुरमाळ, कवड्यांच्या पट्ट्या, पाठीवरची झूल. यात म्होरकी बघण्यासारखी असते. बैलाच्या तोंडावर जिथं दोन दोर एकमेकांना भेटतात तिथं जाड, सपाट गाठ लागते, कारण नुसता दोर कातड्यात रुततो. त्या गाठीलाच लोकर गुंडाळून फूल केलेलं असतं. फूल दिसतं, खालची गाठ दिसत नाही. देवणी, लाल कंधारी, खिलार या जनावरांच्या जोड्या जशा कमी झाल्या तशी या साजाची गिऱ्हाइकी आटली. "आता दारात ट्रॅक्टर उभा. त्याला गोंडा बांधत्यात, पण एकच, आरशाला," असं एका साज विकणाऱ्यानं सांगितलं आणि स्वतःच हसला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत, लातूर जिल्ह्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जनावरांच्या दोऱ्यांची पालं अजून लागतात. तिथला बराचसा माल आता नायलॉनचा.

नायलॉन इकडे दोन वाटांनी आलं. एक गोठ्यातून, दुसरी दिवाणखान्यातून. एक काळ असा होता की घरोघरच्या बायका मॅक्रम शिकत होत्या: कुंडीची शिंकाळी, झुले, दारावरची घुबडं, आरशाच्या चौकटी. आपल्याकडे दह्यादुधाचं शिंकं पूर्वीपासून होतंच, तेव्हा हात तयार होते. त्या मॅक्रमची गुळगुळीत दोरी तालुक्याच्या दुकानांत वजनावर मिळू लागली आणि आज जे रंगीबेरंगी कासरे, किल्लीचे गोफ, चाकूच्या दोऱ्या दिसतात त्यांतल्या बहुतेक तिच्याच. मॅक्रमची चौकोनी गाठ एकाखाली एक मारत गेलं की जी चपटी पट्टी होते, ती जगभरच्या चाकूच्या दोऱ्यांवर सर्वांत जास्त दिसते. ती दोरी खूप खाते. एक इंच पट्टीला साधारण एक फूट दोरी जाते. चार बोटांच्या पट्टीला तीन-चार फूट. करायला सोपी, दिसायला भरगच्च, आणि माझ्या मते चाकूला सर्वांत निरुपयोगी: जाड असल्यानं खिशात गोळा होते, भिजली की दिवसभर ओली राहते. नुसती मिरवायला मारलेली गाठ म्हणालो ती ही.

हल्ली पॅराकॉर्ड आलं आहे. हवाई छत्रीच्या दोऱ्यांसाठी बनलेलं नायलॉन, दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात पसरलेलं. बाहेरून विणलेली नळी, आत सात ते नऊ बारीक दोरे. प्रचलित प्रकार ५५० पौंडांचा, म्हणजे जवळपास २५० किलो ताण सोसणारा. परदेशातून येणाऱ्या भाच्यानं आणलेला लाल स्विस चाकू आपल्याकडे बऱ्याच घरांत कपाटात असतो. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली नोंदवलेल्या अधिकारी-चाकूचा तो वंशज, आणि त्याच्या शेपटाला कडी असतेच. त्या कडीत पॅराकॉर्ड शोभतं. पण कलमाच्या साध्या चाकूला ते जाड पडतं, भोकातूनच जात नाही. मग आतले दोरे उपसून नुसती नळी वापरायची, किंवा सरळ सूत घ्यायचं. सोलापूर तुळजापूरपासून पाऊण-एक तासावर आहे, चादरी-टॉवेलांचं गाव. सुताला तोटा नाही.

सूत की नायलॉन, यावर तुळजापुरातल्या एका पटवेकऱ्याचं मत ऐकण्यासारखं होतं. "मामा, नायलॉन का घेत नाही तुम्ही?" असं विचारल्यावर त्यांनी आधी लायटर मागितला. नायलॉनचं टोक ज्योतीजवळ नेलं; ते वितळून काळा, कडक मणी झाला. "हे बघा. गाठ मारता आली न्हाई तरी चालतंय, जाळलं की झालं. म्हणून पोरं घेत्यात." सुताचं टोक मात्र जाळून भागत नाही. त्यावर बारीक दोरा वीस-पंचवीस वेढे गुंडाळून शेवट आत ओढून घ्यावा लागतो. वेळ जातो. उलट सुताची गुंडी भिजली की अधिक आवळते आणि नायलॉनची, गुळगुळीत असल्यानं, हळूहळू सैल पडते. तरी मामांचं आणि पोरांचं, दोघांचंही बरोबर आहे. उन्हात आणि फवारणीच्या पाण्यात सूत एक-दोन हंगामांत कुजतं, नायलॉन टिकतं.

चाकूला दोरी बांधायची रीत अगदी गोठ्यातली. फास भोकातून काढायचा, दोन्ही टोकं त्या फासातून ओढून घ्यायची. सैल केली की निघते, ओढली की बसते. इथं एक काळजी घ्यावी लागते ती म्हणजे मिटणाऱ्या चाकूची दोरी पात्याच्या वाटेत येता कामा नये, नाहीतर पहिल्याच मिटण्याला गोफ कापला जातो. लांबी मुठीपेक्षा थोडी जास्त, बस्स. गळ्यात अडकवण्याएवढी लांब दोरी करू नये. मळणी यंत्राच्या पट्ट्यात, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यात पदर, उपरणं, सदऱ्याची बाही ओढली गेल्याच्या बातम्या सुगीत दरवर्षी येतात. अशा जागी २५० किलो सोसणारी दोरी गळ्यात असणं म्हणजे संकटाला आमंत्रण. यंत्राजवळ चिंधीच बरी. ती तुटते.

मिरवायची पाती मात्र वेगळी, आणि धाराशिव जिल्ह्यात ती बघायला लग्नसराईत जावं. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेलं. हळदीचं अंग, नजर लागू नये, बाहेरची बाधा होऊ नये, म्हणून लग्न लागेपर्यंत ती त्यानं खाली ठेवायची नाही. जेवताना, फेटा बांधून घेताना, वरातीत घोड्यावर, सगळीकडे ती हातात. कट्यार नसेल तर सुरी, तीही नसेल तर अडकित्ता. या कट्यारीला गोंडे हवेतच: लाल, हिरवे, जरीचे, कधी मोत्यांची झालर. धार नावालाही नसते. तरी मला हे बघताना दरवेळी जाणवतं की गोंडा इथंही आधी काहीतरी काम करत असणार. जुन्या तलवारींच्या मुठीवर जी गोल तबकडी असते, तिच्यावरच्या बोंडाला पुष्कळदा आरपार भोक असतं. त्यातून दोरी ओवून मनगटाला अडकवायची, म्हणजे घोड्यावरून वार करताना पकड सुटली तरी तलवार हातालाच लोंबते. मनगटाचा फास लहान-मोठा करायला सरकती गाठ, गाठ निसटू नये म्हणून टोकाला गुंडी, गुंडीची टोकं उसवू नयेत म्हणून ती सोडून केलेला झुबका. तोच गोंडा. लढाया संपल्या, फास गेला, झुबका राहिला आणि वाढत गेला.

नवरात्रात तुळजाभवानीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवी शिवरायांना तलवार देते आहे, असा तो देखावा. त्या दिवशीची गर्दी वेगळीच असते, आणि बाहेरच्या दुकानांत लाकडी, पत्र्याच्या छोट्या तलवारी पोरांच्या हातात पडतात, त्यांनाही गोंडा असतो. नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात कृपाणाचे गातरे मिळतात, खांद्यावरून तिरपे जाणारे पट्टे. मराठवाड्यात पातं अंगावर वागवण्याची अजून जिवंत असलेली धार्मिक रीत ती. कृपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, हे संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातच स्पष्ट केलेलं आहे. दक्षिणेला कोडगूमध्ये लग्नात पुरुष लाल रेशमी शेल्यात चांदीच्या साखळीची पीचेकत्ती नावाची कट्यार खोचतात. चाकू नटवण्याची हौस एकट्या मराठवाड्याची नव्हे.

साध्या माणसाच्या खिशातल्या चाकूला असं कुठलं छत्र नाही. त्याच्याविषयी लोकांच्या मनात संशय असतो, आणि त्याला सिनेमातला रामपुरी, वर्तमानपत्रातलं 'धारदार शस्त्र' जबाबदार आहे. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची शस्त्रं येतात. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामासाठी केलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तेव्हा कलमाचा दोन-अडीच इंची चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वेळोवेळी जमाव आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, विशेषतः यात्रा, सण, निवडणुकांच्या दिवसांत. त्या कलमाच्या यादीत सुरे आहेत आणि काठ्याही आहेत. बागेतून थेट बाजाराला, बाजारातून यात्रेला जाणारा माणूस चाकू घरी ठेवायला परतत नाही. अशा वेळी लोंबणारी पोपटी दोरी उपयोगी पडते, असं एका कलमवाल्याचं म्हणणं: "लपवायचा असता तर दोरी बाहेर कशाला सोडली असती साहेब?" कायद्याच्या दृष्टीनं हा बचाव कितपत टिकेल याची मला शंका आहे, पण युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. विमानात मात्र हातातल्या सामानात दोरीसह आणि दोरीविना दोन्ही चालत नाही. स्विस चाकू त्यापायी विमानतळावर सोडून द्यावा लागलेले पुष्कळ भेटतील.

सगळ्याच पात्यांना दोरी असते असं नाही. भूम, वाशी, कळंबकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. त्यांच्या कोयत्याच्या मुठीला गोफ नसतो, जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी नाहीतर फडकं आवळून गुंडाळलेलं असतं. दिवसभर घाव घालणाऱ्या हाताला गुंडी टोचेल. हे हत्यार नटत नाही, त्याला सवड नाही.

तुळशीचं लग्न झालं की तुळजापुरात कट्यारीच्या गोंड्यांची मागणी सुरू होते. त्याच सुमारास ऑक्टोबर छाटणी उरकलेले बागवाले आणि शेळीवाले फावल्या वेळात चाकूची दोरी करून घ्यायला येतात. पटवेकऱ्याचा दर दोघांना वेगळा आहे, आणि त्यावरून दरवर्षी वाद होतो. गोंड्याला रेशीम, जर, मोती सगळं मिळून माल पुष्कळ लागतो, पण बांधून कापला की झालं. चाकूच्या दोरीला हातभर सूत. वेळ मात्र गोफाला, गुंडीला आणि टोकाच्या वेढ्यांना मिळून तिप्पट जातो. मालावर दर लावला तर नवरदेव महाग पडतो, वेळेवर लावला तर शेळीवाला. मामा मालावर लावतात. "त्याच्या बापाचा करगोटा बी मीच वळला व्हता," असं म्हणून ते शेळीवाल्याच्या दोरीचे पैसे न मोजताच गल्ल्यात टाकतात, आणि नवरदेवाच्या मामाशी मात्र जरीच्या एकेका वाराचा हिशेब करतात.